दिव्यांग अनुदानाची फेरतपासणी: सोबत जाणाऱ्याने काय तयारी करावी

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दिव्यांग व्यक्तीला मिळणारी रक्कम 2025 साली दरमहा 1,500 रुपयांवरून 2,500 रुपये झाली. वाडीवरच्या घरात या पैशावर औषधं, दळण आणि रिक्षाभाडं निघतं. ती रक्कम बंद पडते तेव्हा माणूस खरोखर अपात्र ठरलेला असतोच असं नाही. अनेकदा एखाद्या कागदाची मुदत संपलेली असते, दोन कागदांवरची नावं जुळत नसतात किंवा पैसे भलत्याच खात्यात जात असतात. लाभार्थ्याच्या सोबत जाणाऱ्याने फेरतपासणीच्या आधी हे दुरुस्त करून घेतलं तर पुढचे हेलपाटे वाचतात.

सगळ्यात आधी तपासणी कोणती आहे ते ओळखा. तहसील कार्यालयातली संजय गांधी शाखा हयातीचा दाखला आणि उत्पन्न तपासते. तिला डॉक्टरशी देणंघेणं नसतं. दिव्यांगत्व प्रमाणपत्राचं नूतनीकरण शासकीय रुग्णालयातल्या वैद्यकीय मंडळाकडे होतं आणि ज्यांचं प्रमाणपत्र तात्पुरतं आहे त्यांनाच ते लागतं. प्रमाणपत्र हातात घेऊन ‘कायमस्वरूपी’ लिहिलंय की मुदतीची तारीख आहे, ते पाहा. कायमस्वरूपी असेल तर पुन्हा मंडळासमोर जा, असं कोणी नुसतं तोंडी सांगितल्यावर धावू नका. तसं पत्र लेखी मागा. पत्र आलं तर मात्र दिलेल्या तारखेला जायलाच हवं.

तहसीलच्या कामात उत्पन्नाचा दाखला जास्त अडतो. दिव्यांग लाभार्थ्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये आहे आणि दिव्यांगत्व किमान 40 टक्के लागतं. कोकणात यावर एक प्रश्न हमखास येतो: मुलगा मुंबईला कामाला आहे, त्याचं काय? लपवू नका. त्याची शिधापत्रिका वेगळी असेल तर तिची प्रत सोबत न्या, तो घरी किती पैसे पाठवतो ते स्वयंघोषणापत्रात खरं लिहा आणि कुटुंबात कोणाला धरायचं ते महसूल खात्याला नियमाप्रमाणे ठरवू द्या. पंचनाम्याच्या वेळी शेजारी एक सांगतात आणि अर्जात दुसरंच असतं, तिथेच प्रकरण अडकतं. आंबा-काजूची चार कलमं सातबारावर असतील तर त्यांचं उत्पन्नही विचारलं जातं. सातबारावर दहा-बारा हिस्सेदार असतील तर लाभार्थ्याच्या वाट्याला प्रत्यक्षात काय येतं ते तलाठ्याला समजावून सांगा, नाहीतर सगळी बाग त्याच्याच नावावर धरली जाण्याची भीती असते.

आता नावं. आधार, बँक पासबुक, दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि शिधापत्रिका एका ओळीत मांडा आणि नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवा. लग्न झालेल्या बाईच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, हे सर्रास दिसतं. आधी आधार दुरुस्त करा, मग बाकीचे कागद आधारप्रमाणे करून घ्या. उलट क्रमाने गेलात तर तेच काम दोनदा करावं लागतं.

आधारला जोडलेला मोबाईल कोणाचा आहे, हेही याच वेळी पाहा. कोकणात तो बहुधा मुंबईतल्या मुलाचा असतो. सेतू केंद्रात तुम्ही उभे असता आणि ओटीपी तिकडे लोकलमध्ये असलेल्या त्याच्या फोनवर येतो. गणपतीत किंवा शिमग्याला तो घरी आला की नंबर बदलण्याचं काम उरकून घ्या, म्हणजे लाभार्थ्याच्या घरात कायम राहणाऱ्या माणसाचा नंबर लागेल.

हयातीसाठी बोटांचे ठसे घेतात तेव्हा इथली एक खास अडचण उभी राहते. काजूगर सोलणाऱ्या बायकांच्या बोटांची कातडी चिकाने जळलेली असते. मासळी साफ करणाऱ्यांची आणि बर्फात हात घालणाऱ्यांची बोटं झिजलेली असतात. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांना तर कधी बोटंच नसतात. ठसा उमटला नाही म्हणून परत पाठवलं तर लगेच हार मानू नका. बोटं कोमट पाण्याने धुवा, खोबरेल तेलाचा हलका हात फिरवा, कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा आणि दहाही बोटं लावून बघा. तरी जमलं नाही तर डोळ्याच्या बुबुळाचा किंवा चेहऱ्याचा पर्याय मागा. केंद्राच्या इंदिरा गांधी पेन्शन योजनांसाठी चेहरा दाखवून हयात नोंदवण्याचं ‘बेनिफिशियरी सत्यापन’ हे ॲप आहे, त्यासोबत चेहरा ओळखणारं ‘आधार फेस आरडी’ हे दुसरं ॲपही लागतं. त्यात डोळे मिचकवायला सांगतात. अंध व्यक्तीला किंवा पापण्यांवर ताबा नसलेल्याला ते जमेलच असं नाही, अशा वेळी कागदी दाखला देऊ द्या, असा लेखी अर्ज करा. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी घरी येऊन खात्री करावी, अशी विनंतीही तहसीलदारांकडे लेखीच करायची. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका.

खरी तयारी लागते ती वैद्यकीय मंडळासाठी. 2024 साली नियम बदलले आणि प्रमाणपत्र द्यायला यंत्रणेला मिळणारी मुदत एक महिन्यावरून तीन महिने झाली. म्हणून प्रमाणपत्र संपायच्या चार-पाच महिने आधी स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे दिव्यांगत्व प्रमाणपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर, नूतनीकरणाचा अर्ज भरा. मुदत जुलै-ऑगस्टमध्ये संपत असेल तर अर्ज फेब्रुवारीतच करा, कारण पावसात साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) पाण्याखाली गेला किंवा घाटात दरड आली की ठरलेला दिवस हुकतो. मंडळ रोज बसत नाही. हाडांचे, डोळ्यांचे, कानाचे, मनोविकाराचे डॉक्टर वेगवेगळ्या दिवशी असतात. मंडणगडहून रत्नागिरीला किंवा दोडामार्गाहून ओरोसला निघण्याआधी तुमच्या प्रकारचे डॉक्टर त्या दिवशी आहेत का, ते फोन करून विचारा. जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात तपासणी होते का, हेही विचारा. एसटीत 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना भाड्यात 75 टक्के सवलत आहे, पण जुन्या प्रमाणपत्राची मुदत संपली असेल तर वाहक ती नाकारू शकतो. लवकर अर्ज करायचं हे आणखी एक कारण.

काय सोबत न्यायचं ते दिव्यांगत्वाच्या प्रकारावर ठरतं. दृष्टी चष्मा लावून, चांगल्या डोळ्याची मोजतात, म्हणून सध्याच्या नंबरचा चष्मा न्या. तो घरी ठेवल्याने टक्के वाढत नाहीत, तपासणी मात्र लांबते. ऐकण्याची चाचणी श्रवणयंत्र काढून होते, पण डॉक्टरांचे प्रश्न ऐकू यावेत म्हणून यंत्र सोबत हवंच. लहान मुलाला किंवा चाचणीला साथ न देणाऱ्याला बेरा चाचणी (आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते यंत्राने मोजणारी) लागू शकते आणि ती सगळीकडे होत नाही. कुठे होईल ते आधी विचारा. बौद्धिक अक्षमतेसाठी बुद्ध्यांकाची चाचणी होते, तिथे शाळेचे जुने अहवाल आणि प्रगतिपुस्तकंही उपयोगी पडतात.

मनोविकाराचं मोजमाप ‘आयडियाज’ या मापनश्रेणीने होतं आणि त्याची तयारी सर्वात कमी केली जाते. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या चार गोष्टींना प्रत्येकी 0 ते 4 गुण असतात. त्यात गेल्या दोन वर्षांत किती महिने आजार होता याचे 1 ते 4 गुण मिळतात. म्हणजे दोन वर्षांच्या उपचारांचे कागद नसतील तर आजार खरा असूनही गुण कमी पडतात. ओपीडीच्या चिठ्ठ्या, गोळ्यांची बिलं, भरती केल्याचे कागद असं सगळं तारखेप्रमाणे लावा. औषधं देवळाच्या भगताच्या सांगण्यावरून मधेच बंद केली असतील तर तेही सांगा. खंड का पडला हे डॉक्टरांना कळायला हवं.

तपासणीच्या पंधरा दिवस आधी एक वही करा. रोज कोणत्या कामाला कोणाचा हात लागला ते लिहा: आंघोळ, कपडे, विहिरीचं पाणी, गॅस पेटवणं, रस्त्यापर्यंतची पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट). “त्रास होतो” हे लिहून उपयोग नाही. “जांभ्याच्या चाळीस पायऱ्या चढताना तीनदा बसावं लागतं, पावसात धरून न्यावं लागतं” असं लिहा. चांगले दिवसही लिहा, वाईटही. आपल्याकडे डॉक्टरांनी विचारलं की माणूस सवयीने “बरा आसा” म्हणतो आणि तेच कागदावर जातं. म्हणून लाभार्थ्याशी आधी बसून बोला आणि जे आहे तेच, कमी-जास्त न करता, सांगायला सुचवा. मंडळासमोर त्याला बोलू द्या. तो विसरला तर वहीतली ओळ पुढे करा. सगळी उत्तरं तुम्हीच दिलीत तर त्याला नेमकं काय जमतं ते डॉक्टरांना दिसत नाही, आणि त्याचा मानही राहत नाही.

टक्के वाढवून देतो म्हणणारा मध्यस्थ गेटवर भेटला तर त्याला एक रुपयाही देऊ नका. खोट्या मार्गाने लाभ घेतल्यास 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत, आणि त्यात लाभार्थी अडकतो.

टक्के कमी आले तर प्रमाणपत्र फाडू नका, भांडू नका. निर्णयापासून 90 दिवसांत अपील करता येतं. अपिलात कोणता अहवाल पाहिला गेला नाही, ते नेमकं लिहा आणि तो जोडा. “अन्याय झाला” एवढ्याने काही हलत नाही.

सगळं देऊनही पैसे आले नाहीत तर आधी आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलेला आहे, ते बघा. अनुदान आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जातं, आणि कोणी मधे नवं खातं उघडून आधार तिकडे जोडला असेल तर पैसे तिथे पडत असतात. पासबुकात नाहीत म्हणून बंद झाले, असं समजू नका. खातं बरोबर असेल तर बंद होण्याचं कारण आणि महिना संजय गांधी शाखेकडे लेखी मागा. पुन्हा सुरू झाल्यावर थकबाकीसाठी वेगळा अर्ज द्या आणि त्यात कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत रक्कम आली नाही, ते पासबुकाच्या प्रतीसह लिहा.