पहिला गेमिंग पीसी जोडताय? कोकणात या चुका टाळा

मुंबईतल्या मुलाने मदरबोर्ड चुकीचा घेतला, तर तो दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन बदलून आणू शकतो. गुहागर, देवगड, वेंगुर्ल्याच्या मुलाला तीच वस्तू कुरिअरने परत पाठवायची, फोनवर दुकानदाराची मनधरणी करायची आणि नव्या पार्सलची वाट बघत बसायचं. त्यात सुट्टी संपून जाते. म्हणून पैसे भरायच्या आधी सगळे पार्ट कागदावर एकमेकांशी ताडून बघा. आणि त्या कागदावर घरातलं वायरिंगही लिहा, कारण तेही पीसीशी जुळावं लागतं.

पहिली गाठ प्रोसेसर आणि बोर्डाची. इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए १७०० सॉकेटमध्ये (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा) बसतात, पण त्या सॉकेटचे काही बोर्ड डीडीआर४ रॅमचे असतात, काही डीडीआर५चे. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. एएमडीचं सोपं आहे: एएम४ सॉकेट म्हणजे डीडीआर४, एएम५ म्हणजे डीडीआर५.

सॉकेट जुळलं तरी बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, जुनं असू शकतं. एएमडीच्या प्रोसेसरसाठीचे बी४५० बोर्ड २०१८चे, आणि एएमडीची रायझेन ५००० मालिका आली २०२०च्या अखेरीस. जुन्या स्टॉकमधला किंवा सेकंडहँड बी४५० घेतलात आणि त्यातलं बायोस जुनंच असेल, तर नव्या प्रोसेसरवर पंखे फिरतील पण स्क्रीन काळीच राहील. अपडेटसाठी लागणारा जुना प्रोसेसर गावात कोणाकडे मिळणार? त्यापेक्षा दुकानदाराला पाठवण्याआधीच बायोस अपडेट करायला सांगा, नाहीतर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्या. मग पेनड्राइव्हवर काम होतं, प्रोसेसर लागत नाही.

बजेट कमी असलं की बरेच जण ठरवतात, आता बाकीचं घेऊ, ग्राफिक्स कार्ड गणपतीला काका मुंबईहून आणतील. बेत चांगला आहे, पण मग आय३-१२१००एफ किंवा रायझेन ५ ५६०० हे प्रोसेसर घेऊ नका. या दोघांत आतलं ग्राफिक्सच नाही, त्यामुळे कार्ड येईपर्यंत स्क्रीनवर काही दिसणार नाही. तोवर खेळायचं असेल तर आतलं ग्राफिक्स असलेला रायझेन ५ ५६००जी घ्या आणि रॅम १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८च्या दोन घ्या. आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, त्यामुळे इथे फरक ठळक दिसतो. मात्र ५६००जी पीसीआयई ३.० वर, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधल्या जोडणीच्या जुन्या, हळू आवृत्तीवर चालतो. त्याला पुढे आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड जोडू नका. त्या कार्डाला चारच लेन (डेटाच्या वाटा) आहेत आणि ३.० वर ते बरंच मंदावतं.

माझं सगळ्यात ठाम मत एसएमपीएसबद्दल, म्हणजे पार्टांना वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल आहे. पैसे कमी पडले तर कॅबिनेट साधं घ्या, दिवे सोडा, पण एसएमपीएस चांगल्या कंपनीचाच घ्या. कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर ५०० वॅट छापलेलं असतं, त्यावर विसंबू नका. लेबलवर १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ने गुणा. १८ अँपिअर असेल तर हाती २१६ वॅटच लागतात, आणि एकटं आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॅटचं आहे. ५६०० आणि आरएक्स ६६०० या जोडीला चांगला ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस भरपूर होतो. ८० प्लसचा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, संरक्षणाची हमी देत नाही. आणि मॉड्युलर (वायरी सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या मॉडेलला लावू नका. प्लग बसतो, पण आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि मग एसएसडी जळते.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, अशी तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. बहुतेकदा पीसी ठीक असतो, घराचं अर्थिंग लागलेलं नसतं. जांभ्याच्या कातळात अर्थिंग मुळातच कठीण, आणि एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडली की आणखी कमजोर होतं. पार्ट मागवण्याआधी वायरमनला बोलावून मल्टिमीटरने मोजून घ्या: फेज आणि अर्थमध्ये साधारण २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी थोडे. अर्थिंग नसेल तर स्पाइक गार्डवर केलेला खर्चही बराचसा वाया जातो.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट एक समजू नका. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. लाइट गेल्यावर गेम सेव्ह करून पीसी बंद करायला तेवढा पुरतो.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही. पिन भिंतीतून काढा आणि राउटरकडून येणारी लॅन वायरही उपटा. विजेचा झटका त्या तांब्याच्या वायरीतूनही बोर्डापर्यंत पोचतो.

समुद्राकडच्या खिडकीखाली पीसी ठेवू नका. खारा वारा आत क्षार सोडतो, ते दमट हवेतलं पाणी धरून ठेवतात आणि पिना गंजतात. पावसाळ्यात रोज थोडा वेळ पीसी चालू ठेवा, आतल्या उबेने ओल धरत नाही. गरम पीसीवर लगेच प्लॅस्टिक पांघरू नका.

मुंबईत जोडून घेतलेला पीसी गाडीने आणणार असाल, तर ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात वेगळं आणा. महामार्गावरच्या खड्ड्यांत त्या वजनाने स्लॉट वाकतो.

सगळं जोडलं आणि डिस्प्ले आला नाही, तर लगेच पार्ट खराब आहे असं ठरवू नका. मॉनिटरची वायर बोर्डाला लावलीय की ग्राफिक्स कार्डाला, ते बघा. कार्ड बसवलेलं असेल तर ती कार्डाला हवी. प्रोसेसरची ८ पिनची वायर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात लागते, तीच राहून गेलेली असते. कार्डाची ८ पिन दिसायला तशीच, पण तिचा प्लग ६ अधिक २ असा तुटतो, प्रोसेसरचा ४ अधिक ४. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन रॅम बहुतेकदा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, टक आवाज येईपर्यंत दाबून बसवायच्या. नाहीच जमलं तर एकच रॅम लावून बघा. आणि एएम५ बोर्ड पहिल्यांदा चालू करताना रॅम ओळखायला काही मिनिटं घेतो. तेवढा वेळ स्क्रीन काळी राहिली तरी बटण दाबू नका.