स्टँडबायच्या (इंजिन कधीही चालवायला तयार ठेवण्याच्या) आधी एअर बॉटल: नवीन चार साबसाठी, म्हणजे बोटीवरच्या फोर्थ इंजिनिअरसाठी

ब्रिजवरून, म्हणजे बोट जिथून चालवतात तिथून, निघायची एक तासाची नोटीस आली की चहा नंतर, आधी एअर बॉटल. मी पहिल्यांदा घरी फोनवर "आज दोन्ही बॉटल ड्रेन केल्या" म्हणालो तेव्हा आईचा आवाजच बदलला होता, म्हणून बोटीवर नसणाऱ्यांसाठी सांगतो, ही बॉटल म्हणजे माणूस आत शिरू शकेल एवढी मोठी, जाड पत्र्याची टाकी, त्यात ३० बारची हवा, आणि मेन इंजिन त्या हवेवर स्टार्ट होतं. ट्रकसारखा सेल्फ मारून तीन मजली इंजिन हलत नाही, हवा थेट सिलिंडरमध्ये सोडून पिस्टन खाली ढकलावा लागतो. कंप्रेसर आणि बॉटल बहुतेक बोटींवर चार साबच्या गळ्यात असतात, तर मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने लिहितोय.

सुरुवात प्रेशरपासून. कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर ३० दिसत असलं तरी खाली जाऊन बॉटलच्या गेजवर एकदा बघायचंच, दोन्हीत फरक निघाला तर कोण खोटं बोलतंय ते आत्ता शोधा, बंदरातून बोट बाहेर काढणारा पायलट आल्यावर वेळ मिळत नाही. नियम असा की बॉटल निदान दोन हव्यात आणि कंप्रेसर न चालवता उलट-सुलट फिरणाऱ्या इंजिनाला लागोपाठ १२ स्टार्ट मिळाले पाहिजेत, इंजिन एकाच दिशेने फिरणारं असेल तर ६. क्लास फोरच्या (इंजिनिअरच्या लायसन्सच्या) तोंडी परीक्षेला हे घोकून जातो आपण, पण ते १२ भरलेल्या बॉटलचे असतात हे विसरतो. २२ बारवर निघालात आणि न्हावाशेवाला धक्का सोडताना पायलटने अहेड (पुढे), स्टॉप, अस्टर्न (मागे), परत अहेड असं सुरू केलं की गेजचा काटा कसा उतरतो ते बघून घाम फुटतो.

मग कंप्रेसर. ऑइल लेव्हल, कूलिंग वॉटर, दोन्ही ऑटोवर, आणि मुख्य म्हणजे भरायला किती वेळ लागतोय ते घड्याळ लावून बघा. सगळे कंप्रेसर मिळून रिकाम्या बॉटल एका तासात भरायला हव्यात. मागच्या महिन्यापेक्षा वेळ वाढला असेल तर व्हॉल्व्ह गळतायत, डिस्चार्जचं टेंपरेचरही तेच सांगतं.

आता ड्रेन, म्हणजे तळाशी साचलेलं पाणी काढणं, आणि इथे मी जरा जास्त बोलणार. पावसाळ्यात मुंबईला उभे असताना इंजिन रूममध्ये ३५ डिग्री आणि ८० टक्के दमटपणा धरा, अशा एक क्यूबिक मीटर हवेत ३० ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. ८ क्यूबिक मीटरची बॉटल शून्यापासून ३० बारला भरायची तर बाहेरची २४० क्यूबिक मीटर हवा आत कोंबावी लागते, म्हणजे सात लिटर पाणी झालं की! त्यातलं बरंचसं कंप्रेसरच्या कूलरच्या ड्रेनमधून जातं, म्हणजे ते ड्रेन चालू असतील तर, उरलेलं बॉटलच्या तळाशी, आणि त्याच्यासोबत कंप्रेसरचं तेल. माझ्या एका बोटीवर ऑटो ड्रेन गंजाच्या खपल्यांनी चोंदला होता, बाहेरून सगळं ठीक, कुणी हाताने ड्रेन उघडतच नव्हतं. मी उघडला तर ताकासारखं पांढरट पाणी येतच राहिलं, मोटरमन (इंजिन रूमचा खलाशी) म्हणाला साब बादली आणू का. तेव्हापासून ऑटो असो नसो, दर वॉचला (पाळीला) आणि स्टँडबायच्या आधी हाताने, कोरडी हवा येईपर्यंत. तेल जास्त दिसलं तर बडा साबला (चीफ इंजिनिअरला) सांगा, लपवू नका.

तेलाचं एवढं का, तर स्टार्टिंग एअर लाइनचा स्फोट. पाइपच्या आत तेलाचा थर बसतो, एखाद्या सिलिंडरवरचा, हवा आत सोडणारा स्टार्टिंग व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर सिलिंडरमधला जळता गॅस लाइनमध्ये मागे येतो, आणि तिथे ३० बारची हवा तयारच असते. ज्वाळा अडवणारा फ्लेम अरेस्टर, दाब वाढला की फुटणारी बर्स्टिंग डिस्क वगैरे असतं, पण त्यांच्यावर वेळ येऊ देऊ नये. म्हणूनच बॉटलचा मेन व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा, झटक्यात उघडला तर पुढची अडकलेली हवा दाबली जाऊन तापते. आधी लाइनचा ड्रेन उघडून पाणी काढा, मग हळूहळू पूर्ण उघडा.

जाता जाता सेफ्टी व्हॉल्व्ह आणि फ्युजिबल प्लगकडे नजर टाका. तो प्लग साधारण १०४ डिग्रीला वितळतो, आगीत बॉटल फुटण्याऐवजी हवा निघून जावी म्हणून. त्याचा पाइप जिथे डेकवर बाहेर काढलेला असतो तिथे त्याच्या तोंडावर कुणी रंगाचे डबे रचलेले नाहीत ना ते बघा, हसू नका, मी बघितलेत. कंट्रोल एअर (व्हॉल्व्ह वगैरे चालवणारी हवा) ७ बार, ड्रायर चालू, झालं.

टर्निंग गिअर (बंद इंजिन मोटरने हळू फिरवणारा गिअर) बाहेर काढलाय हे स्वतः बघायचं, तो अडकलेला असताना स्टार्ट न होऊ देणारा इंटरलॉक आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. ब्रिजला विचारून, प्रोपेलर क्लिअर असल्याचं कळल्यावर, इंडिकेटर कॉक (प्रत्येक सिलिंडरवरचे छोटे नळ) उघडे ठेवून एअरवर इंजिन फिरवा. कॉकमधून पाणी उडालं तर तिथेच थांबा आणि सेकंड साबला (सेकंड इंजिनिअरला) बोलवा, कारण लायनर किंवा हेड गळत असणार. काही नाही आलं तर कॉक बंद, मग फ्युएलवर अहेड आणि अस्टर्न ट्राय.

मॅन्यूव्हरिंग (बंदरातली पुढे-मागे हालचाल) चालू असताना मध्ये एक फेरी मारून प्रत्येक युनिटच्या (सिलिंडरच्या) स्टार्टिंग एअर पाइपजवळ हात न्या. जवळ न्या म्हटलंय, पकडू नका, व्हॉल्व्ह गळत असेल तर चटका बसेल. एकच पाइप बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर लगेच सेकंड साबला सांगून त्या युनिटचं फ्युएल बंद, आणि पहिल्या संधीला व्हॉल्व्ह बदली.

फुल अवे, म्हणजे बंदर सोडून मोकळ्या समुद्रात पूर्ण वेग झालं की बॉटलचा मेन व्हॉल्व्ह बंद, लाइनमधली हवा सोडा, ड्रेन करा, दोन्ही बॉटल परत ३० ला भरून एक आयसोलेट (व्हॉल्व्ह बंद करून वेगळी) करून ठेवा, कंप्रेसरचे तास लॉगमध्ये लिहा. आता चहा.