गोरखचिंच पेरताय? आधी बी घासा

कुंडी, माती, झारी हे बघू नंतर. आधी हार्डवेअरच्या दुकानातून ८० नंबरचा पॉलिश पेपर आणा, एक तुकडा पुरतो. गोरखचिंचेच्या, म्हणजे बाओबाबच्या, बीचं कवच इतकं कडक असतं की पाणी आत शिरतच नाही. आफ्रिकेत हत्ती आणि बबून माकडं ही फळं खातात, बी त्यांच्या पोटातून जातं, मग रुजतं. आपल्याकडे ते काम पॉलिश पेपरनेच करायचं. न घासलेलं बी मातीत महिनोन्‌महिने जसंच्या तसं पडून राहतं आणि आपण रोज त्याला पाणी घालत बसतो.

फळ पूर्ण वाळलेलं हवं. हिवाळ्यात पानं गळली की झाडावर लोंबणारी फळं लांबूनही दिसतात. मुंबईत राणीच्या बागेत आणि वसईच्या किल्ल्यात जुनी झाडं आहेत. मध्य प्रदेशात मांडूला तर ही फळं रस्त्याच्या कडेला विकायलाच ठेवलेली असतात. फोडायला हातोडी लागते. आतला पांढरा आंबट गर खायचा तर खा, सरबतही चांगलं होतं, पण बियांना त्याचा कण राहता कामा नये. रात्रभर पाण्यात ठेवून चोळा, धुवा. गर राहिला की मुंग्या येतात आणि मागोमाग बुरशी. पाण्यावर तरंगणाऱ्या बिया फेकून द्या.

आता घासणं. बी मूत्रपिंडाच्या आकाराचं, साधारण सेंटीमीटरभर. आत वळलेल्या बाजूला नाळेची खूण दिसते, तिथे हात लावू नका, अंकुर त्याच्या जवळ असतो. पाठीची फुगीर बाजू पेपरवर घासा. काळपट तपकिरी कवच जाऊन आतला फिकट, दुधी ठिपका दिसला की लगेच थांबा. ठिपका मोठा केलात तर बीचा आतला मगज उघडा पडून कुजतो. नेलकटरने कोपरा उडवला तरी चालतं, फक्त बोटं सांभाळा. पातेल्यात बिया उकळत ठेवू नका, त्या शिजतात. नर्सरीवाले गंधकाम्ल वापरतात. घरात तो उद्योग नको.

घासलेल्या बिया कोमट पाण्यात २४ तास. सकाळी एकेक उचलून बघा. फुगून जवळजवळ दुप्पट झालं असेल तरच पेरायचं. फुगलं नाही म्हणजे घासणं कमी पडलं. ते परत पेपरवर, परत पाण्यात. ‘असू दे, मातीत फुगेल’ म्हणून पेरू नका. नाही फुगणार.

वेळ एप्रिल-मे. माती गरम हवी, शिवाय पानगळीआधी रोपाला वाढायला पुरेसे महिने मिळतात. कुंडी रुंद नको, खोल हवी, किमान १० इंच, कारण सोटमूळ सरळ खाली जातं आणि गाजरासारखं फुगतं. तळाला भोकं असतीलच. बुजलेली नाहीत ना एवढं बघा. दोन भाग जाड वाळू, एक भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत. समुद्राची वाळू नको, त्यात मीठ असतं. काळी माती तर नकोच, ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. बी दीड-दोन सेंटीमीटर खोल, एका कुंडीत एकच. पाणी एकदा भरपूर, नंतर वरचा थर सुकल्यावरच.

घासलेलं बी एक ते तीन आठवड्यांत वर येतं. महिना उलटला तरी काही नाही? उकरा. बी कडक असेल तर कारण सांगायला नको, पॉलिश पेपर घ्या. मऊ पडलं असेल तर पाणी जास्त झालंय.

कधी कधी कवचाची टोपी बीजदलांवर (बीतून निघणाऱ्या पहिल्या जाड पानांवर) अडकते. ओढू नका, ओला कापूस तासभर ठेवा, मग ती हलक्या हाताने निघते. त्यानंतरची पहिली पानं सुटी, साधी असतात. पंज्यासारखी पानं नंतर येतात, म्हणून ‘भलतंच उगवलं’ असं समजून उपटू नका. खोड मातीलगत तपकिरी पडून रोप आडवं झालं तर तो मर रोग; ते रोप वाचत नाही, बाकीच्यांचं पाणी ताबडतोब कमी करा. कोवळ्या रोपाला सकाळचं ऊन, महिन्याभराने पूर्ण ऊन. पावसाळ्यात, कोकणात तर नक्कीच, कुंडी पत्र्याखाली किंवा वळचणीच्या आत ठेवा. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचा. पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरला ५ मिली कडुनिंब तेल आणि थोडं साबणाचं पाणी.

थंडीत पानं गळतील. मेलं नाही. नखाने साल जरा खरवडा, आत हिरवं असेल तर जिवंत आहे. पाणी जवळजवळ बंद. पहिल्या वर्षी महिन्यातून एकदा अर्धा तांब्या. मे-जूनमध्ये फूट दिसली की पुन्हा सुरू.

जमिनीत लावायचं तर पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला. दोन फूट खोल खड्डा, पाणी साचणार नाही अशी उंच जागा, घर-विहीर-कंपाऊंडपासून निदान ३० फूट लांब. सोटमूळ तोडू नका. एवढी जागा नसेल तर कुंडीतच ठेवा, बोन्साय छान होतं. फुलांची घाई असेल तर कलमी रोप विकत घ्या. बियांच्या झाडाला फुलायला पंधरा-वीस वर्षं सहज लागतात.