कारचा एअर फिल्टर घरी कसा स्वच्छ करावा

सोयाबीनच्या मळणीचे दिवस आले, की परभणी-जालन्याकडच्या शेतरस्त्यांवर घोट्याएवढा फुफाटा साचतो आणि पुढच्या ट्रॅक्टरमागून जाणारी कार तो सगळा आत ओढून घेते. एक लिटर पेट्रोल जळण्यासाठी साधारण 11 किलो हवा लागते आणि ती एअर फिल्टरच्या कागदी घड्यांतून गाळूनच इंजिनात जाते. त्या घड्या बुजल्या, की गाडी चढावर दमते. अशा रस्त्यांवर रोज ये-जा असेल, तर पुस्तिकेत दिलेल्या अंतराची वाट न पाहता फिल्टर आधीच तपासावा.

इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे. बोनेटखाली जाड रबरी नळी ज्या काळ्या प्लास्टिकच्या डब्यातून निघते, त्यातच फिल्टर असतो. झाकणावरची धूळ आधी पुसावी, नाहीतर उघडताना तीच आत पडते. मग क्लिपा किंवा स्क्रू सोडवून झाकण हळूच उचलावे. नळीजवळ सेन्सर असल्यास त्याला बोट लावू नये आणि त्याची वायर ताणू नये. फिल्टर कसा बसला आहे, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

फिल्टरची मळकी बाजू खाली करून तो जुन्या वर्तमानपत्रावर हलक्या हाताने आपटावा. बरीचशी माती एवढ्यानेच झडते. हवा मारायचीच असेल, तर स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे, कमी दाबाने आणि नळी वीतभर लांब धरून मारावी, कारण पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरचा पूर्ण झोत कागद सहज फाडतो. कागदी फिल्टर पाण्याने मुळीच धुऊ नये. माझा एकदा एका वॉशिंग सेंटरवर धुऊन मिळाला आणि वाळल्यावर त्याच्या घड्या भिजलेल्या वहीच्या पानांसारख्या चिकटल्या.

यानंतर फिल्टरच्या मागे टॉर्च धरून पाहावे. उजेडाचा बारीकसा ठिपका जरी थेट दिसला, तरी फिल्टर बदलावा. मळका फिल्टर हवा अडवतो, फाटका मात्र धूळ आत सोडतो आणि ती सिलिंडर घासते. पुष्कळदा आपटूनही प्रकाश कुठेच झिरपत नसेल, तरीही नवाच घ्यावा.

डबा ओलसर फडक्याने पुसावा, त्यात हवा मारू नये. तळाशी कापसाचे बोळे आणि कुरतडलेला कागद सापडल्यास उंदराने घर केले आहे असे समजून वायरीही तपासाव्यात. डबा कोरडा झाल्यावर फिल्टरची रबरी कड खाचेत सगळीकडून बसवावी, सर्व क्लिपा लावाव्यात आणि गाडी सुरू करून शिट्टीसारखा आवाज येतो का ते ऐकावे; आल्यास झाकण पुन्हा उघडून कड नीट बसवावी.