हेडसेट घालायच्या आधी डोक्याचं तेल काढा

आमच्या पोरीला सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी आहे, मेंदूला लहानपणीच इजा झाल्यानं अंगाची हालचाल नीट होत नाही ते, नऊ वर्षांची, हात उचलत नाही, बोलत नाही पण कळतंय सगळं. डोक्यावर सेन्सरचा हेडसेट घालून मेंदूच्या सिग्नलवर खेळणं चालवायचं म्हणजे नेमकं काय करायचं असं खानापूर, निपाणीकडचे पालक विचारायलेत म्हणून लिहायलोय.

हेडसेट डोक्यात करंट सोडत नाही, हे आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगा, आमची आज्जी शॉक बसेल म्हणून रडायला लागली होती. तो नुसता सिग्नल घेतो, तेपण व्होल्टच्या लाखाव्या भागाच्या आसपासचे. आणि यानं सीपी बरा होत नाही, बरा होतो म्हणून कोण पैसे मागत असेल तर उठून या.

डोळे, गाल, पायाचा अंगठा, यातलं एकजरी पोराच्या मनासारखं हलत असेल तर त्यानं दाबायचा साधा स्विच नाहीतर डोळ्यांवर चालणारा टॅबलेट आधी बघा, तो जास्त फास्ट चालतो. हो-नकोची सवय तर कसंही लावायचीच. गाणं पाहिजे का बाहेर जायचं, असं विचारून गप्प थांबा, मनात दहा आकडे मोजा. आपल्यालाच धीर नसतोय, पोराला असतोय.

हेडसेटच्या दिवशी सकाळी केस धुवा, खोबरेल तेल राहिलं की सिग्नल धड येतच नाही, आमचा पहिला अख्खा दिवस यातच गेला. पोराची झोप झालेली पाहिजे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, आपल्या लायटीची 50 हर्ट्झची गुणगुण सिग्नलमधे शिरते. व्हीलचेअरचा डोक्यामागचा टेकू मागचे सेन्सर दाबत नाही ना ते हात घालून बघा. दात आवळले, मान ताठली तरी स्क्रीनवर मोठी लाट येते, ती स्नायूंची, मेंदूची नव्हे.

हेडसेटनं खेळणं चालवायच्या एका प्रकारात स्क्रीनवर चित्रं एकेक करून चमकतात, पोराला पाहिजे ते चमकलं की साधारण 300 मिलीसेकंदांनी सिग्नल वर उसळतो, म्हणून "बॉल चमकला की मनात मोज" एवढंच सांगा आणि घरात बोलतो त्या मराठीतच सांगा, शाळा कन्नड असली तरी. दुसऱ्यात हात मुठीत आवळल्याची कल्पना करायची असते, ज्यानं कधी मूठच आवळली नाही त्याला हे समजवायला वेळ लागतोय, आधी त्याची मूठ आपल्या हातात धरून हळूच मिटून दाखवा. लाईट सारखी लुकलुकणारा प्रकार मात्र, पोराला कधी फिट आली असेल तर मेंदूच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

दहा-पंधरा मिनिटं बास, तोंड फिरवलं की बंद. वहीत लिहा: दोनातलं एक निवडायचं असेल तर 20 पैकी 10-11 बरोबर म्हणजे नुसता अंदाज, वेगवेगळ्या दिवशी 15 च्या वर यायला लागले की पोरगी खरंच चालवायलीय. आमची वही तेरावर आहे अजून.