शिक्षण खात्याचं डेटा धोरण आरटीआयमधून मागताय? या चुका टाळा

खानापूर किंवा निपाणीकडच्या एखाद्या मराठी शाळेच्या पटसंख्येची चर्चा सुरू झाली, की वाद आकड्यांवर येतो. कर्नाटकात शाळेतल्या मुलांची नोंद ‘सॅट्स’ (स्टुडंट अचीव्हमेंट ट्रॅकिंग सिस्टम) या ऑनलाइन प्रणालीत होते. ही माहिती शिक्षण खातं कशी ठेवतं, कुणाला देतं आणि कुठल्या निर्णयाला वापरतं, हे पालकांना कळायलाच हवं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ते मागता येतं, पण अर्ज बहुधा प्रश्नापाशीच फसतो.

“तुमचं डेटा धोरण काय? मराठी शाळांचे आकडे का लपवता?” असं विचारलं, की ‘असा दस्तऐवज उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर येतं. हा कायदा दप्तरात असलेला कागद मिळवून देतो. ‘का’चा खुलासा करायला अधिकारी बांधील नसतो. शिवाय ‘धोरण’ नावाची फाईल असेलच असं नाही. ते परिपत्रकांत, इतिवृत्तांत, सॉफ्टवेअर कंपनीशी झालेल्या करारात विखुरलेलं असतं. म्हणून असं लिहा: “सॅट्समधील विद्यार्थ्यांची माहिती गोळा करणे, जतन करणे व इतर खात्यांना देणे यासंबंधी १ एप्रिल २०२१ पासूनची परिपत्रके, बैठकांची इतिवृत्ते, करार आणि संबंधित फाईलवरील टिपण्या यांच्या प्रती द्याव्यात.” टिपण्या आवर्जून मागा. कुणी काय सुचवलं आणि कुणी मान्य केलं, ते तिथेच दिसतं.

अर्जात पाच विषय कोंबू नका. कर्नाटकच्या नियमांत साधारण एकच विषय आणि दीडशे शब्द अशी मर्यादा आहे. फी १० रुपये. पोस्टल ऑर्डर जोडलेली बरी.

भाषेचं थोडं नाजूक आहे. मराठीत कागद मिळावेत ही सीमाभागाची मागणी रास्तच आहे, ती लावून धरायलाच हवी. पण कलम ६ मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच म्हटलंय. मराठी अर्ज परत आला तर महिना वाया जातो, तेव्हा हा अर्ज कन्नड किंवा इंग्रजीतच द्या.

राज्यभराचं धोरण तालुक्याच्या बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात ठरत नाही. अर्ज शिक्षण खात्याच्या बेंगळूरच्या आयुक्तालयातल्या माहिती अधिकाऱ्याला करा. चुकीच्या ऑफिसात गेलाच, तर कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत पुढे पाठवणं त्यांचं काम आहे. मुलांची नावं मागू नका, तालुकावार एकूण आकडे मागा. काही भाग गोपनीय म्हणून नाकारला, तर कलम १० खाली उरलेला भाग मागता येतो.

तीस दिवसांत उत्तर नाही म्हणजे नकारच. तिथून तीस दिवसांच्या आत त्याच खात्यात पहिलं अपील करा. इथे अनेकजण चिडून थेट राज्य माहिती आयोगाकडे कलम १८ ची तक्रार टाकतात. त्यात अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, पण कागद मिळत नाहीत; सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात हे स्पष्ट केलंय. कागद हवे असतील तर कलम १९ चं अपील, आणि पहिल्यात दाद मिळाली नाही तर नव्वद दिवसांत आयोगाकडे दुसरं.