सीसीटीव्ही बसवायला ‘पसारा’ लायसन्स मागितलं, तेव्हा

16 कॅमेऱ्यांचं माझं कोटेशन सोसायटीने परत पाठवलं. शेरा एकच: ‘पसारा लायसन्स जोडा’. पसारा (PSARA) म्हणजे खासगी सुरक्षा एजन्सींसाठीचा कायदा. गुमास्ता, जीएसटी, उद्यम अशी सगळी नोंदणीपत्रं जोडून पाहिली. काही उपयोग झाला नाही. तीन आठवड्यांत जीव मेटाकुटीला आला.

शेवटी हा खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा, 2005 स्वतः वाचला. आधी कलम 2. तिथली व्याख्या माणसांचं, मालमत्तेचं रक्षण करणं आणि गार्ड पुरवणं याची आहे; नुसते कॅमेरे बसवून देणं त्यात मला कुठे दिसलं नाही. मग माझंच कोटेशन तपासलं. सातवी ओळ: ‘रात्रीच्या देखरेखीसाठी एक माणूस’. घोडं इथेच अडलं होतं! गार्ड पुरवायचा तर कलम 4 प्रमाणे लायसन्स हवंच, नाहीतर एक वर्षापर्यंत कैद, 25,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

ती ओळ काढली. ‘फक्त पुरवठा, जोडणी, देखभाल’ असं लिहिलं. 230 व्होल्टचे नवे पॉइंट मात्र परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडे दिले, कारण विजेचं काम परवान्याशिवाय करायची सूट दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारख्या कामांपुरतीच आहे. सोबत कलम 2 ची प्रत आणि एक पानी पत्र लावलं. सेक्रेटरीकाकांनी चौथ्या दिवशी वर्क ऑर्डर हातात दिली.